फुलपाखराचे पत्ते

दादा, तुझा तो कर्णिक येऊन गेला.

तुझं दहावंसुद्धा व्हायचं होतं. भर दुपारी बेल वाजली. वहिनी आत पडली होती, म्हणून मी दार उघडलं. हातात केळी, चेहऱ्यावर शोभेल इतपत दुःख. चपला काढता काढता त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि थेट तुझ्या त्या लोखंडी कपाटावर जाऊन थांबली. फोटोकडे तो नंतर वळला. नमस्कार केला तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात केळी होती.

मग बसला. तू किती सज्जन होतास, संग्राहकांच्या ग्रुपचा कसा आधार होतास, सगळं बोलून झालं. मी दिलेलं पाणी प्यायला. नंतर रुमालाने एकेक बोट पुसत म्हणाला, "वहिनींनी काही ठरवलंय का कलेक्शनचं? दमट हवेत पत्ते लवकर जातात, म्हणून आपलं विचारतोय." वहिनी तोवर बाहेर येऊन उभी राहिली होती. ती एवढंच म्हणाली, की नंतर बघू. घाई काहीच नाही, असं तो म्हणाला, पण माशाच्या आकाराचा पत्त्यांचा कॅट तेवढा खिडकीच्या बाजूला ठेवू नका, हेही त्याने सांगितलं. आणि निघताना म्हणाला, "येतो."

सुतकातल्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याला खरोखरच परत यायचं होतं ना. जे मनात होतं तेच तोंडातून निघालं.

त्याचा ग्लास मी दोनदा घासला. तुला माहितीये, माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. लोकांची थुंकी, लघवी, शौचाच्या डब्या, सकाळी हेच हाताळायचं आणि दुपारी हात धुऊन डबा खायचा. मला सहजासहजी कशाची किळस येत नाही. त्या ग्लासाची आली. आणि घासता घासता मला जाणवलं, की कपाटाकडे बघणारा हा चेहरा मी आधी एकदा पाहिलाय, घाटकोपरला. तेव्हा तो तुझा होता.

चिडू नकोस. आता तुला मधेच तोडता येत नाही, तर नीट ऐक.

तुझं हे वेड सुरू झालं तेव्हा मीही त्यात होते. आपण विक्रोळीच्या चाळीत राहायचो, आणि बोटीवर कामाला असलेल्या मामाने तुला गोल पत्त्यांचा कॅट आणून दिला होता. बशीएवढे गोल पत्ते. हातात धरले की पंखा व्हायचाच नाही, सगळे इकडेतिकडे घसरायचे. खाली पडला पत्ता की कडेवर उभा राहून गॅलरीतून गडगडत पार टोकाच्या खोलीपर्यंत जायचा, आणि आपण दोघं त्याच्या मागे. आई वैतागायची. "पत्ते खेळतास की पकडापकडी?" म्हणायची. तू इतका हसायचास, की तुला उचकी लागायची. तेव्हा ते पत्ते मळके होते, कडा फाटलेल्या होत्या, एकावर तर आमटी सांडलेली होती, आणि मला त्यांची जराही घाण वाटली नाही.

पुढे तू पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात लागलास. डायचं काम शिकलास, म्हणजे लाकडी फळीत पोलादी पाती वाकवून बसवायची आणि ती पुठ्ठ्यावर दाबून हवा तो आकार कापायचा. चौकोनी पत्ता कोणीही कापेल, तू म्हणायचास, खरी गंमत वळणात आहे. मग बाटलीच्या आकाराचे पत्ते आले, माशाचे आले, पावाच्या स्लाइसचे, अर्ध्या चंद्राचे, विजेसारखे वाकडेतिकडे. मुलुंडचा फ्लॅट घेतलास आणि लोखंडी कपाट आलं, ते आधी वहिनीच्या साड्यांसाठी होतं. साड्या पलंगाखालच्या बॅगेत गेल्या. वहिनी तेव्हा काही बोलली नाही. ती कुठे काय बोलते?

मला घाण वाटायला लागली ती त्यानंतर. प्रत्येक कॅट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत दमटपणा शोषणारी पुडी, वर डांबरगोळ्या. कपाट उघडलं की तो वास नाकात जायचा आणि घरभर राहायचा, वहिनीच्या सोलकढीतसुद्धा मला तोच यायचा. कोणालाही हात लावू द्यायचा नाहीस. तुझ्या मुलाने लहानपणी एकदा बाटलीचे पत्ते काढून सात-आठ मांडला, तर त्याच्या पाठीत धपाटा घातलास. दादा, पत्ते खेळला म्हणून नाही, तुझे पत्ते खेळला म्हणून.

आणि ते यकृत. औषधाच्या कंपनीने डॉक्टरांना वाटलेला, यकृताच्या आकाराचा, तपकिरी-लाल कॅट. कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडरच्या मागे लागून मिळवलास आणि आम्ही सगळे जेवायला बसलो असताना ताटांच्या मधे आणून ठेवलास. वहिनीने नुकती बांगड्याची कढी वाढली होती. मी म्हटलं, उचल ते. तू म्हणालास, अगं खालच्या कडेची खाच बघ, किती साफ आहे. दुसऱ्या वेळी तळपायाचा कॅट आणलास, भेगांवरच्या मलमाच्या जाहिरातीचा. प्रत्येक पत्त्याला पाच बोटं, बोटांना नखं, आणि टाचेला भेगा छापलेल्या. वहिनी म्हणाली होती, की हा निदान देवघराच्या बाजूच्या खणात नको. तू तिथेच ठेवलास, कारण तिथे ओल कमी होती.

महिन्याकाठी तुमचा ग्रुप जमायचा. चार-पाच पोक्त पुरुष पांढरे हातमोजे घालून टेबलाभोवती बसणार, एकमेकांचे पत्ते उजेडात धरून बघणार, आणि वास घेणार. हो, वास घ्यायचात तुम्ही. मी एकदा दारातून पाहिलं होतं. कर्णिक डोळे मिटून एक पत्ता हुंगत होता. एवढे पत्ते समोर आणि डाव कोणीच मांडत नव्हतं. वहिनीने पोहे आणले, तर टेबलापासून लांब ठेवा म्हणाले सगळे, तेलाचे हात लागतील. तिने ते स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवले आणि तुम्ही एकेक जण उभ्याने खाऊन परत मोजे चढवलेत.

त्या सगळ्यांत वडीलधारे म्हणजे घाटकोपरचे वैद्यकाका. त्यांच्याकडे फुलपाखराच्या आकाराचा कॅट होता. वर्षातून एखाद्या वेळी दाखवायचे, पण स्वतःच्या हातात धरून. तू त्याबद्दल बोलायचास तेव्हा आवाज खाली यायचा तुझा.

काका गेले आणि तू मला फोन केलास. भेटायला जायचंय, चल म्हणालास. मला वाटलं, तुला एकट्याने जाणं जड जातंय. मी लॅबमधून अर्धा दिवस काढून आले. जिना चढताना तू सहज बोलून गेलास, "बाईमाणूस बरोबर असलं की बरं दिसतं." मला तेव्हा अर्थ कळला नाही. वरती दहा मिनिटं बसल्यावर कळला.

त्या दिवशी देवनारचं डंपिंग पेटलं होतं आणि धूर तिथपर्यंत आला होता. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी जळक्या कचऱ्याचा वास खोलीत होताच. घरात त्या एकट्याच. मुलगा दाखल्याच्या कामाला बाहेर गेला होता. तू दोन वाक्यं बोललास, काका असे होते, काका तसे होते. मग घसा खाकरलास.

"काकू, काकांचा तो फुलपाखराचा कॅट... सुरक्षित आहे ना?"

मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्या उठल्या, शोकेसच्या खालचा खण उघडला आणि डबी आणून तुझ्यापुढे धरली. न्या म्हणाल्या. तू नाही म्हणाला नाहीस, राहू दे म्हणाला नाहीस. प्रसाद घेतात तशी ओंजळ पुढे केलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, दादा. ते काकांसाठी होतं की डबीसाठी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

रिक्षात बसल्या बसल्या डबी उघडलीस. पहिला पत्ता काढून नाकाशी धरलास, मग माझ्यापुढे. "बघ बाय, मिशासुद्धा एकाच दाबात कापल्यात."

मला ओकारी येईल असं मी म्हटलं. तुला वाटलं, धुरामुळे. मग मी स्पष्ट बोलले, आणि तुझा चेहरा पडला, आणि आपण त्या रिक्षावाल्यासमोर भांडलो. काकूंनी स्वतःहून दिला, हे तुझं म्हणणं. तू मागितलास, हे माझं. तू म्हणालास, मी फक्त सुरक्षित आहे का विचारलं, सुतक फिटेपर्यंत त्यांच्या घरातल्यांनी रद्दीत घातला असता, मी वाचवला.

"कोणापासून वाचवलास? ज्यांचा होता त्यांच्या बायकोपासून?"

त्यावर तू जे म्हणालास ते मला लागलं. "तुला वस्तूची किंमत कळत नाही, बाय. तुला सगळी सॅम्पलंच दिसतात."

एलबीएस रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली तशी मी उतरले आणि मागे बघितलं नाही.

त्या भांडणाचा शेवट आपण केलाच नाही. भाऊबीजेला तू दहिसरला आलास, मी ओवाळलं, तू करंज्या खाल्ल्यास, नदीला किती घाण आलीय त्यावर बोललो, टॉवर किती झालेत त्यावर बोललो. घाटकोपर हा शब्द दोघांनीही टाळला. तुला वाटलं असेल मी विसरले. मला वाटायचं तुला लाज वाटत असेल. आता दोन्ही विचारायची सोय राहिली नाही.

पण एक सांगते, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. माझं ऑपरेशन झालं, पिशवी काढली, तेव्हा मला माणसं नकोशी झाली होती. स्वतःच्या अंगाचीसुद्धा घाण वाटत होती, नळी, रक्त, पावडरचा वास. हे सगळं मी दुसऱ्यांचं रोज बघायचे, पण आपलं बघवत नव्हतं. तू मुलुंडहून लिंक रोडच्या बसने रोज यायचास. पहिल्या दिवशी खिशातून पत्त्यांचा कॅट काढलास तेव्हा मी तोंड फिरवलं. म्हटलं, इथेही? पण ते साधे, चौकोनी पत्ते होते, रस्त्यावर घेतलेले. माझ्या पलंगावर चादर सारखी केलीस, माझी नळी हलक्या हाताने बाजूला घेतलीस, आणि रमी वाटलीस. किती सुंदर पिसायचास रे तू. पत्ते पावसासारखा आवाज करत एकात एक जायचे. मी उघड लबाडी करत होते, आणि तुला दिसत होतं, आणि तू हरत होतास. त्या आठवड्यात ज्या एकाच माणसाची मला घाण वाटली नाही, तो तू होतास. हे मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं असं नाही, पण तोंडापर्यंत आलं होतं. मग तू माझी सीक्वेन्स लागलेली बघून हात वर केलेस, आणि राहिलं ते.

तुझ्या वेळी मला तुझ्याजवळ तेवढं बसताच आलं नाही. साधा ताप म्हणता म्हणता फुप्फुसात गेला. आयसीयूच्या दारात दोन मिनिटं सोडायचे. शेवटचं आपण बोललो ते फोनवर, तुला आत नेण्याच्या आधी. तू धापा टाकत विचारलंस, कपाटातल्या पुड्या बदलल्या का वहिनीने? मी म्हटलं, दादा, आधी श्वास घे. तू म्हणालास, हो, पण पुड्या.

हे असलं शेवटचं वाक्य घेऊन मी काय करू? लोक विचारतात, काय म्हणाले जाताना. वहिनीला मी खोटं सांगितलं, की तू तिची चौकशी करत होतास. ती म्हणाली, "पुड्यांबद्दल विचारलं असेल." आणि पदर तोंडाला लावून रडली.

तेरावं झालं. मुलगा बंगळुरूला परत गेला. कर्णिकचे मेसेज येत होते, हात जोडलेले, फुलं टाकलेले. एक दिवस वहिनीने स्वतःच कपाट उघडलं आणि फुलपाखराची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "हे नेऊन देऊया. मला घरात नको." तुझी घाटकोपरची गोष्ट तिला माहीत होती तर. तूच सांगितली होतीस की तिने ओळखली होती, हे मी विचारलं नाही.

आम्ही दोघी गेलो. वैद्यकाकू थकल्यात, पण हिंडत्याफिरत्या आहेत. मला ओळखलं त्यांनी लगेच. तू गेलास हे ऐकून क्षणभर माझा हात धरून बसल्या. मी डबी पुढे केली आणि घरून जुळवून आणलेलं बोलायला लागले, की त्या दिवशी जे झालं ते बरोबर नव्हतं, तो तसा वाईट नव्हता. त्यांनी मला थांबवलं.

"मला ठाऊक होतं तो कशाला आलाय. आमच्या ह्यांनी पण हा असाच आणलेला. दादरला ओळखीचे एक गृहस्थ गेले, त्यांच्या घरून. मला घेऊन गेले होते बरोबर."

मी विचारलं, मग तुम्ही दिलात कशाला?

"घरातून जावा म्हणून. लग्न झाल्यापासून त्या खणाची धूळ पुसली मी, आत हात घालायची परवानगी नव्हती." मग म्हणाल्या, "तुझ्या भावाची किळस आली मला, खोटं कशाला बोलू? पण तो इतका खूश झाला गं. त्या अख्ख्या आठवड्यात माझ्या घरात खूश झालेलं ते एकच माणूस. मी बघत बसले त्याच्याकडे."

दादा, मला रडायला तिथे आलं. तुझ्या चितेपाशी आलं नव्हतं. दादरच्या कुठल्या घरातून काकांनी उचललं, काकांच्या घरातून तू, तुझ्या घरातून आता कर्णिक, म्हणजे तुमची ही फुलपाखरं कायम मयताच्याच घरातून उडालीत. मला त्याची शिसारी येत होती, आणि त्याच वेळी रिक्षातलं तुझं तोंड डोळ्यांसमोर होतं. गॅलरीत गोल पत्त्यामागे धावतानाही तू तसाच दिसायचास. मी ते त्या दिवशी पाहिलं नव्हतं. आजही मला ते माफ करायला पुरेसं वाटत नाही, पण पाहिलं नव्हतं हे खरं.

काकूंनी चहा ठेवला. डबी टीपॉयवर पडून होती, परत घ्यायला त्या तयार नव्हत्या आणि न्यायला आम्ही. मग त्यांनी ती उघडली, पत्ते बाहेर ओतले आणि म्हणाल्या, "तिघी आहोत. पाच-तीन-दोन येतं ना?"

वहिनीने लहान पत्ते बाजूला काढले आणि पिसायला घेतले. पिसले जाईनात. पंखात पंख अडकत होते, मिशा वाकत होत्या. आकडे कोपऱ्यात असतात तसे नव्हतेच, एकेक पत्ता पूर्ण बाहेर काढून बघावा लागत होता. काकूंनी अंगठा जिभेला लावला आणि वाटायला सुरुवात केली. तुमच्यातल्या एखाद्याला तिथेच झटका आला असता. बदाम हुकूम झाला. वहिनीचे पाच हात होते आणि तिने पाचही केले, अजिबात दयामाया न दाखवता. इतक्या वर्षांत ती पत्ते खेळते हेच मला माहीत नव्हतं. तुला तरी होतं का?

दुसऱ्या डावात इस्पिकच्या राणीचा पंख मुडपला. तिसऱ्यात माझ्या बोटांत फाटून आला. मी तो तुकडा धरून बसले. काकू म्हणाल्या, असू दे, आता ती पाठीवरूनच ओळखू येईल, म्हणून जिच्या हातात येईल तिने कबूल करायचं. आणि चहाचा कप थेट पत्त्यांच्या मधे ठेवला.

पत्ते तिथेच राहिले. काकूंची एक मैत्रीण दुपारी येते, तिला शिकवणार आहेत म्हणे. बाकीचं सगळं वहिनी कर्णिकला देणार आहे. मी खूप बोलले, त्याला एक पत्ताही देऊ नको म्हटलं. ती म्हणाली, "नीता, मला त्या पत्त्यांचा राग नाही. मला साड्या ठेवायच्यात." पण वर्षश्राद्धापर्यंत त्याला घरी यायचं नाही असं कळवलंय, आणि पुड्या बदलत नाही. मला तो निर्णय पटलेला नाही. कपाट तिचं आहे, तेव्हा गप्प बसले.

आणि त्या फाटलेल्या पंखाबद्दल. तुझा जीव वर गेला असता. तिघींना शिव्या घातल्या असत्यास, काकूंचंही वय बघितलं नसतंस. त्या आकाराचा दुसरा पत्ता जगात कुठे मिळणार नाही म्हणून ओरडला असतास, आणि मी म्हटलं असतं, बरं झालं फाटला, आणि मग घाटकोपरपासून सगळं निघालं असतं, एकेक करून, शेवटपर्यंत. मी तयार होते, दादा. पत्ते हातात धरून मी कितीतरी वेळ काहीच खेळले नाही. वहिनीला वाटलं मी हुकूम विसरले.